जुन्या घराच्या भिंतीला अस्तर

भाताची मळणी आटोपली, ऊस कारखान्याला गेला, की आपल्याकडे गवंड्यांचे दिवस येतात. ईस्टर जवळ आला की कोणी चुना काढतो, कोणी कौले चाळतो, कोणी जुनी भिंत पाडून नवी घालण्याचा बेत करतो. हा शेवटचा बेत अलीकडे फार वाढला आहे. "आजोबांच्या वेळची मातीची भिंत, ती काय ठेवायची?" असे म्हणून दीड हाताची भिंत उतरवली जाते आणि तिच्या जागी ६ इंची सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत उभी राहते. घर दिसायला नीटनेटके दिसते. पण पहिल्याच एप्रिलात रात्री आठ वाजता आत बसवत नाही. मग पंखा, दुसरा पंखा, कूलर असा खर्च मागे लागतो. ज्यांनी अजून भिंत पाडलेली नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांचे घर चिऱ्याचे किंवा विटांचे जुने आहे त्यांच्यासाठीही, आज हा विषय घेतला आहे. आहे ती भिंत तशीच ठेवून तिला उष्णता अडवणारे अस्तर कसे द्यावे, हा तो विषय.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेची लाट आली, पारा ४६.८ अंशांवर गेला, आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक माणसे जास्त दगावली. त्याआधी, २००३ च्या ऑगस्टमध्ये, फ्रान्ससारख्या थंड समजल्या जाणाऱ्या देशात उष्णतेने सुमारे पंधरा हजार बळी घेतले. त्यांत बहुसंख्य वृद्ध होते. आपल्या घरीच दगावलेल्या वृद्धांची मागाहून तपासणी झाली तेव्हा दोन गोष्टी ठळकपणे दिसल्या. ज्या घरांना उष्णतारोधक अस्तर नव्हते, आणि ज्यांची झोपण्याची खोली थेट छपराखाली होती, तेथे धोका अधिक होता. दिवसा तापलेल्या शरीराला रात्री निवायला मिळाले तर ते दुसऱ्या दिवसाला तोंड देते. रात्रीही खोली तापलेलीच राहिली तर तरुण माणूस कुरकुरत सकाळ काढतो; म्हातारी माणसे, तान्ही मुले, हृदयविकाराचे व रक्तदाबाचे रोगी यांना मात्र ते झेपत नाही. म्हणून घरात अस्तर एकाच भिंतीला देणे शक्य असेल, तर घरातील सर्वांत वृद्ध माणूस जेथे झोपतो त्या खोलीची भिंत आधी धरावी.

आता भिंत काय करते ते समजून घेऊ, कारण येथे एक गैरसमज घट्ट रुजलेला आहे. "मातीची भिंत ऊन आत येऊ देत नाही" असे आपण सर्रास म्हणतो. खरे पाहता ती ऊन अडवत नाही, ती त्याला उशीर करते. घट्ट तिंबलेली माती आणि भाजकी वीट यांच्यातून उष्णता जवळजवळ सारख्याच वेगाने जाते. पण मातीची भिंत जाड असते. दुपारी तीनला बाहेरच्या बाजूस लागलेले ऊन ९ इंची विटेच्या भिंतीतून आत पोहोचायला सात-आठ तास घेते, म्हणजे ऐन झोपेच्या वेळी ते आत येते. १८ इंची मातीच्या भिंतीतून ते पहाटे पोहोचते. तोवर बाहेरची हवा गार झालेली असते आणि खिडकी उघडी असली तर आत आलेली ऊब निघून जाते. ६ इंची ठोकळ्याची भिंत तीन-चार तासांतच ते आत सोडते. जुन्या घराचा गारवा हा जाडीचा आणि उशिराचा गारवा आहे. त्यात कोठलीही जादू नाही.

अस्तराचे काम वेगळे. ते उष्णतेला खरोखरच अडवते, आणि ते करते त्यातली अडकलेली हवा. हवा जागच्या जागी स्थिर राहिली तर तिच्यासारखा रोधक नाही. गोधडी गरम का वाटते? थरांमध्ये हवा अडकते म्हणून. ९ इंची विटेची भिंत जितकी उष्णता अडवते तितकी अडवायला थर्माकोल अर्धा इंचही पुरतो. कोरडे भाताचे तूस असेल तर पाऊण इंच पुरे. मात्र हीच वस्तू भिजली की सगळे मुसळ केरात. पाण्यातून उष्णता हवेपेक्षा वीस-पंचवीस पट अधिक जाते. भिजलेली गोधडी पांघरून कोणाला ऊब आली आहे?

सगळ्या भिंतींना अस्तर लावण्याची गरज नाही, आणि येथेच पुष्कळ पैसा वाचतो. बेळगाव जवळपास १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या आरंभी दुपारी सूर्य येथे बरोबर डोक्यावर असतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही; पूर्वेची भिंत सकाळी आणि पश्चिमेची दुपारनंतर तापते. पूर्वेची भिंत निवायला दुपार व संध्याकाळ मिळते. पश्चिमेची भिंत आधीच तापलेल्या हवेत उभी असते, वर तिरपे ऊन खाते, आणि ते सगळे रात्री आपल्याला परत देते. दक्षिणेच्या भिंतीवर ऊन पडते ते डिसेंबर-जानेवारीत, आणि तेव्हा ते हवेच असते. म्हणून दक्षिणेची भिंत सोडा, पश्चिमेची धरा. छप्पर पत्र्याचे किंवा उघड्या स्लॅबचे असेल तर मात्र भिंतीच्या आधी छपराकडे पाहावे लागेल, कारण मे महिन्याचे सर्वांत जास्त ऊन छपरावरच पडते. ज्यांच्या कौलांखाली माळा आहे त्यांनी तो काढू नये, एवढेच येथे सांगतो. छपराचा विषय स्वतंत्र आहे.

अस्तराला हात घालण्यापूर्वी ओल पाहावी. हे काम आळसाने टाळले जाते आणि नंतर तेच महागात पडते. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा जाड कागद घ्यावा, भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि दोन दिवस तसाच ठेवावा. कागदाच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूस थेंब दिसले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूस थेंब धरले तर ती खोलीतल्या हवेची वाफ आहे. भिंतीला लोणा लागला असेल, खालचे दोन फूट पोपडे धरत असतील, तर ओल जमिनीतून चढते आहे असे समजावे. अशा भिंतीवर कोणतेही अस्तर घातले तरी आत ती कुजत राहील, फरक इतकाच की आपल्याला ती दिसणार नाही. आधी पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर न्यावे, फुटलेली पन्हळ बदलावी, न्हाणीघराचे पाणी परड्यात लांब सोडावे, जोत्याला टेकलेला मातीचा भराव काढावा. एक पावसाळा जाऊ द्यावा. घाई करणाऱ्यांना हे पटत नाही. पण शंभर वर्षे उभ्या असलेल्या भिंतीला आणखी एक वर्ष थांबता येते.

सिमेंटच्या गिलाव्याबद्दलही येथेच बोलले पाहिजे. मातीच्या किंवा चिऱ्याच्या भिंतीत थोडी ओल नेहमी ये-जा करीत असते. चुन्याचा किंवा मातीचा गिलावा तिला बाहेर पडू देतो. सिमेंट तिला कोंडते. शिवाय माती फुगते-आकसते तशी सिमेंट आकसत नाही. पाच-सहा वर्षांत गिलावा भिंतीपासून सुटतो, ठोकून पाहिला तर पोकळ वाजतो, आणि एके दिवशी ताटाएवढे तुकडे खाली येतात. त्यामागची माती तोवर भुसभुशीत झालेली असते. जुन्या भिंतीवर सिमेंट चढवणारा गवंडी कितीही कुशल असला तरी या कामापुरते त्याचे ऐकू नये. भिंतीची नस सारवण करणाऱ्या बायकांना अधिक कळते. कोठे माती सुटते, कोठे ओल धरते, हे त्यांना हाताने ठाऊक असते. त्यांना विचारूनच काम ठरवावे.

आता उपायांकडे वळू. सर्वांत स्वस्त उपाय आहे सावली. पश्चिमेच्या भिंतीवर ऊन पडले की ती हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी सहज जास्त तापते. ऊनच पडू दिले नाही तर हे दहा-पंधरा अंश आपोआप वजा होतात. भिंतीपासून दीड-दोन फुटांवर मांडव घालून त्यावर तोंडलीचा वेल चढवावा. तोंडली वर्षानुवर्षे टिकते आणि थोडे पाणी मिळाले तर उन्हाळ्यातही हिरवी राहते. वेल थेट भिंतीवर मात्र चढवू नये. मुळे सांध्यांत शिरतात आणि पानांखाली ओल राहते. भिंतीला दरवर्षी पांढरा चुना काढणे हाही उपायच आहे. ताजा पांढरा चुना बहुतेक ऊन परत पाठवतो, उघडा लाल चिरा त्यातले बरेचसे पिऊन घेतो.

खानापूर, कणकुंबी, जांबोटी या पट्ट्यातल्या वाचकांसाठी मला सर्वांत पसंत असलेला उपाय त्यांच्या घरी अर्धा तयारच आहे. पावसाळ्यात मातीच्या भिंतीला झड लागू नये म्हणून आपण गवताचे किंवा बांबूचे तट्टे बांधतो आणि पाऊस संपला की सोडून ठेवतो. हेच आवरण बारमाही करावे. जुनी मंगळुरी कौले पडक्या घरांतून हल्ली कोठेही मिळतात. भिंतीवर लाकडी खुंट्या ठोकून २ इंच जाडीच्या उभ्या पट्ट्या बसवाव्यात, त्यांवर आडव्या रिपा छपरावर असतात तितक्याच अंतराने माराव्यात आणि कौले खालून वर टांगत न्यावीत. उभ्या भिंतीवर कौल नुसते अडकवून भागत नाही. प्रत्येक कौल तारेने रिपेला बांधलेच पाहिजे, नाही तर वाऱ्यात सुटून कोणाच्या तरी डोक्यात पडेल. कौले आणि भिंत यांच्यामध्ये २ इंचांची पोकळी खाली व वर उघडी ठेवावी आणि दोन्हीकडे बारीक जाळी लावावी, म्हणजे उंदीर आणि त्यांच्यामागून साप आत शिरणार नाहीत. ऊन कौलांना लागते, पोकळीतली तापलेली हवा वर निघून जाते, खालून गार हवा येते, आणि भिंत सावलीत राहते. पावसाळ्यात तीच कौले झड झेलतात. इंग्लंडच्या केंट आणि ससेक्स भागांत भिंतींवर कौले टांगण्याची ही रीत शेकडो वर्षांची आहे. तिकडेही ती मुख्यतः पावसासाठीच निघाली.

पोकळी मोठी ठेवली तर अधिक फायदा होईल असे कित्येकांना वाटते. तसे होत नाही. बंद पोकळीतही इंच-दीड इंचानंतर हवा आतल्या आत फिरू लागते आणि उष्णता इकडून तिकडे वाहून नेते. ६ इंच पोकळी ठेवून उंदरांची सोय मात्र होते.

गोकाक, सौंदत्ती, रामदुर्ग, अथणीकडे पाऊस कमी आणि ऊन कडक. तेथे पोकळी भरूनच घ्यावी. जुन्या भिंतीच्या बाहेर ३ इंच अंतर सोडून साडेचार इंची विटेची दुसरी भिंत घालावी आणि मधल्या जागेत भाताचे तूस भरावे. तूस मिळवायला बेळगावच्या आसपासच्या भाताच्या गिरण्या आहेतच. १२ फूट लांब व १० फूट उंच भिंतीला सुमारे ३० घनफूट, म्हणजे शंभर किलोच्या आसपास तूस लागेल. तुसाच्या राखेत बहुतांश सिलिका असते, त्यामुळे ते गवतासारखे लवकर कुजत नाही आणि भडकूनही पेटत नाही. मात्र ठिणगी पडली तर आतल्या आत धुमसत राहते, हे चुलीजवळच्या भिंतीच्या बाबतीत विसरू नये. तूस चाळून कण्या काढून टाकाव्यात, कारण उंदीर येतात ते कण्यांसाठी. दोन दिवस कडक उन्हात वाळवून, दहा पाट्यांना एक पाटी कोरडी चुन्याची भुकटी मिसळून ते थोडे थोडे दाबत भरावे. वर्षभरात ते बसते आणि वरच्या बाजूस वीतभर जागा मोकळी होते. ती पुन्हा भरता यावी म्हणून वरचा थर काढता येण्याजोगा ठेवावा. अमेरिकेत व कॅनडात जुन्या वर्तमानपत्रांचा भुगा असाच भिंतींत भरतात आणि आग व किडी यांपासून रक्षणासाठी त्यात टाकणखार मिसळतात. आपल्या तुसालाही टाकणखार चालेल.

दुसऱ्या भिंतीला तिचा स्वतःचा पाया हवा. जुन्या जोत्याच्या कडेवर ती उभी केली तर दोन पावसाळ्यांत बाहेर कलते. दोन्ही भिंती दर दोन-तीन फुटांवर न गंजणाऱ्या तारेने किंवा पट्टीने जोडाव्यात. आणि तुसाचा थर जमिनीपासून वीत-दीड वीत वर सुरू करावा, त्याखाली पक्के दगडी काम ठेवावे, म्हणजे वाळवीची माती चढू लागली तर बाहेरून दिसेल.

ज्यांना एवढे बांधकाम परवडत नाही त्यांनी पेंढा व चिखल यांचे जाड अस्तर करावे. माती पातळ कालवून त्यात हातभर तोडलेला भाताचा पेंढा इतका घालावा की माती फक्त पेंढ्याला माखली पाहिजे. नेहमीच्या गिलाव्यात माती जास्त आणि पेंढा कमी असतो, येथे उलट. बांबूच्या पट्ट्यांच्या चौकटीत हे ३-४ इंच भरून वर चुन्याचा गिलावा करावा. जर्मनीत लाकडी सांगाड्याच्या जुन्या घरांना आजही अशी हलकी माती भरतात. तुसाइतका रोध यात नसतो, पण साध्या मातीपेक्षा पुष्कळ अधिक असतो, आणि भिंतीचा श्वास मोकळा राहतो. जोराची झड लागणाऱ्या उघड्या भिंतीवर हे करू नये. पडवीखालच्या भिंतीला ते उत्तम.

पश्चिम खानापूरच्या लोकांना मी तूस भरायला सांगितले नाही याचे कारण ब्रिटनमध्ये पाहायला मिळते. तेथील घरांच्या दुहेरी भिंतींत मुद्दाम पोकळी ठेवलेली असते. बाहेरची भिंत भिजली तरी पाणी आत पोहोचू नये हा तिचा हेतू. पुढे इंधन वाचवण्यासाठी त्या पोकळ्या भरण्याची मोहीम निघाली, आणि वेल्ससारख्या भरपूर पावसाच्या भागांत कित्येक घरांतून तेच भरण पाणी आत नेऊ लागले. भिंतींना बुरशी आली, भरण उपसून काढावे लागले. पोकळीचे काम काय होते हे न पाहता ती भरली गेली. कॅनडातली गोष्ट आणखी वाईट. १९७३ च्या तेलटंचाईनंतर तेथे सरकारी अनुदानातून हजारो घरांच्या भिंतींत एक रासायनिक फेस भरला गेला; त्यातून फॉर्माल्डिहाइड वायू सुटू लागल्यामुळे १९८० च्या डिसेंबरात त्यावर बंदी घालावी लागली. अनुदान आहे म्हणून वस्तू चांगली, असे समजण्याचे कारण नाही.

थर्माकोलविषयी हल्ली फार विचारणा होते. २ इंच थर्माकोल जुन्या ९ इंची भिंतीवर लावले तर आत येणारी उष्णता पावपट उरते, हे खरे. तरीही राहत्या खोलीत ते उघडे लावू नये. ते पेटते आणि त्याचा काळा धूर माणसाला दारापर्यंत पोहोचू देत नाही. १४ जून २०१७ रोजी लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या इमारतीला लागलेली आग बाहेरून लावलेल्या ज्वलनशील आवरणामुळे व अस्तरामुळे वर चढली आणि ७२ माणसे दगावली. थर्माकोल लावायचेच असेल तर भिंतीच्या बाहेरून, जाळी मारून त्यावर भरपूर जाड गिलावा करून, आणि चुलीपासून दूर. विजेच्या तारा त्याला चिकटू देऊ नयेत. तारांचे प्लास्टिक त्याच्या स्पर्शाने कडक होऊन तडकते. तारा नळीतूनच न्याव्यात. मुंग्या आणि उंदीर त्यात आनंदाने घरे करतात, हे वेगळेच.

आणि एका गोष्टीला साफ नकार द्यावा. गोठ्यावरचे जुने सिमेंटचे पत्रे काढून भिंतीला आडोसा म्हणून लावण्याची कल्पना कित्येकांना सुचते. त्या जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते. ते कापताना, फोडताना, भोके पाडताना उडणारे बारीक तंतू श्वासातून फुप्फुसात जाऊन बसतात आणि वीस ते चाळीस वर्षांनी कर्करोगाच्या रूपाने वर येतात. आज पत्रा कापणाऱ्या मुलाला आज काहीही होत नाही, म्हणूनच हा धोका कोणाला खरा वाटत नाही. पत्रा छपरावर अखंड असेल तर असू द्यावा. काढावाच लागला तर भिजवून, न फोडता, अखंड उतरवावा.

चुन्याचे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करून घ्यावे. मेच्या कडक उन्हात चुना वरवर सुकतो आणि पकड धरत नाही. आठ-दहा दिवस गोणपाट भिजवून झाकावा आणि पावसाआधी त्याला दोन महिने मिळू द्यावेत. कळीचा चुना भिजवताना तो उकळतो व उडतो. मुलांना जवळ येऊ देऊ नये, डोळ्यांवर चष्मा घालावा. डोळ्यात गेलाच तर चोळू नये. ताबडतोब स्वच्छ पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटे सोडावी आणि लगेच दवाखान्यात न्यावे, कारण चुन्याने दृष्टी जाते. अस्तर झाल्यावरही रात्री खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि सकाळी नऊनंतर पश्चिमेच्या व पूर्वेच्या झाकायच्या. चूल असलेल्या खोलीचे धुराडे मात्र कधीही बुजवू नये. पहिल्या पावसाळ्यानंतर, गणेश चतुर्थीच्या सुमारास, तोच प्लास्टिकचा कागद त्याच भिंतीला आतून पुन्हा लावून पाहावा. थेंब दिसले तर कौलांची खालची रांग आणि पन्हळ आधी तपासावी.